बुद्धाच्या शोधात घर सोडलेले आचार्य धर्मानंद कोसंबी



वर्षावासाच्या प्रवचनांत एक प्रश्न दर वर्षी हमखास येतो. प्रश्न असा, की सिद्धार्थ घरदार सोडून रानात गेला, तेव्हा कुठे त्याला शांती मिळाली. मग आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत, पोराबाळांच्या गलक्यात, कर्जाच्या हप्त्यात राहणारी माणसं, आम्हाला ती कशी मिळणार? काहीजण तर बोलूनच दाखवतात, की सगळं सोडून कुठंतरी डोंगरात निघून जावंसं वाटतं. बोलणारा बहुतेक पुरुषच असतो, हेही इथे नोंदवून ठेवतो. कारण बाईने असे बोललेले आम्ही अजून ऐकलेले नाही. तिच्या मनात येत नसेल असे नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या नळावर कोण उभे राहणार, याचा हिशोब तिच्या डोक्यात पक्का असतो.

या प्रश्नाला ग्रंथातले उत्तर देण्याऐवजी आम्ही एका माणसाची हकीकत सांगायचे ठरवले आहे. हा माणूस आपल्या मराठी मुलखातला, आपली भाषा बोलणारा. त्याने खरोखर घर सोडले, खरोखर गुहेत जाऊन ध्यान केले, आणि पुढे काय केले ते फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांचे नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. त्यांचे भगवान बुद्ध हे पुस्तक कित्येक बौद्ध घरांत आहे. पण लिहिणारा माणूस कोण, कुठला, हे विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळत नाही.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे, नारळीची बाग आणि थोडी शेती. पोरगा प्रकृतीने अशक्त, अभ्यासात मंद समजला गेलेला. शाळेचे शिक्षण फार झाले नाही, इंग्रजी शाळा तर नाहीच. १८९१ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, लाड घराण्यातल्या बाळाबाईंशी लग्न लावून दिले गेले. माडांना पाणी लावा, नारळ मोजा, गावच्या भानगडी ऐका, असे आयुष्य पुढे दिसत होते. त्यात त्यांचे मन रमेना. आधी तुकोबांचा गाथा हाती आला, तो त्यांनी मन लावून वाचला. दोनतीनदा घरातून निघून जाऊन परतही आले. असे निघून जाणारे तरुण तेव्हाही पुष्कळ होते, गावोगाव मठ आणि बैरागी होते. त्यातलाच आणखी एक, एवढेच लोकांनी म्हटले असते.

पण मध्येच एक गोष्ट घडली. बालबोध नावाचे मुलांचे एक मराठी मासिक निघत असे. त्यात बुद्धाच्या चरित्रावरचा लेख त्यांच्या वाचनात आला. मुलांसाठी लिहिलेला साधा लेख, पण त्या लेखाने ते पार बदलून गेले. आता डोक्यात एकच, की या बुद्धाचा धर्म नीट शिकायचा, आणि शिकून आपल्या लोकांना मराठीतून सांगायचा. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण तो काळ लक्षात घ्या. महाराष्ट्रात तेव्हा बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतार, देवळाच्या भिंतीवर काढलेला. कार्ले, कान्हेरी, अजिंठा इथली लेणी डोळ्यांसमोर, पण त्यांना लोक पांडवांची लेणी म्हणत. पाली शिकवणारा माणूस हवा तर शोधायचा कुठे?

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्याच वर्षी त्यांना पहिली मुलगी झाली होती, माणिक. बाळाबाई आणि तान्ही पोर नातेवाइकांच्या भरवशावर टाकून हा तेवीस वर्षांचा तरुण पुण्याला आला.

इथे थोडे थांबतो. वैशाखी पौर्णिमेला आपल्या विहारातल्या महिला यशोधरेबद्दल विचारतात, आणि बरोबरच विचारतात. कोसंबींच्या बाबतीतही तोच प्रश्न आहे. थोर कामासाठी गेले, पुढे फार मोठे झाले, हे सगळे मान्य. पण १८९९ साली हे कुणाला ठाऊक होते? बाळाबाईंना एवढेच ठाऊक, की नवरा निघून गेला आहे, पदरात पोर आहे, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लोक बोट दाखवायचे तिच्याकडेच. थोरांच्या चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकण्याची पद्धत आहे. ती आम्हाला पटत नाही. कोसंबींच्या शोधाचा खर्च काही वर्षे त्या बाईने भरला आहे, आणि तिचे नाव या हकीकतीत पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून चालले पाहिजे.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली, प्रार्थना समाजात आसरा मिळाला, संस्कृतचा श्रीगणेशा झाला. पण पुढचे संस्कृत शिकायचे तर काशीला गेले पाहिजे असे ठरवून ते निघाले. खिशात पैसा नाही. इंदूर, ग्वाल्हेर करीत, कुणी तिकिटाला दिले कुणी जेवायला घातले असे करीत काशीला पोचले. काशीत अन्नछत्रात एक वेळ जेवायचे आणि दिवसभर व्याकरण घोकायचे, असा क्रम लागला. थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नाही. कष्ट खरेच होते, त्याबद्दल वाद नाही. तरी एक गोष्ट सांगून टाकतो. त्या छत्रात जेवायला ब्राह्मण असावे लागे, आणि शास्त्री शिकवायचे तेही ब्राह्मणालाच. आपल्या समाजाचा एखादा हुशार पोरगा तेव्हा याच ओढीने काशीला गेला असता, तर त्याला छत्राच्या पायरीवरही उभे केले नसते. कोसंबींची गरिबी खरी, पण त्या गरिबीला एक दार उघडे होते. हे म्हटल्याने त्यांची थोरवी कमी होत नाही. आपल्या वाट्याला किती दारे बंद होती, ते मात्र कळते.

१९०२ च्या सुरुवातीला ते नेपाळात गेले. बुद्धाची जन्मभूमी तिकडची, तेव्हा धर्म तिथे जिवंत असेल अशी आशा. काठमांडूला पोचून पाहतात तर देवळादेवळांतून बळी, विधी आणि कर्मकांड. बुद्धाचे नाव आहे, शिकवण नाही. निराश होऊन बोधगयेला आले. तिथे कळले की पाली शिकायचे असेल तर सिंहलद्वीपाला जा. कलकत्त्याला महाबोधी सभेच्या लोकांनी मदत केली आणि त्याच वर्षी ते श्रीलंकेत पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविर हे मोठे आचार्य होते. त्यांच्या हाताखाली पालीचा अभ्यास सुरू झाला आणि कोसंबी श्रामणेर झाले. अंगावर काषाय वस्त्र आले. तिथले जेवण त्यांना सोसले नाही, आजारपणे काढली, पण अभ्यास सोडला नाही. मुलांच्या मासिकातला एक लेख वाचून निघालेला माणूस तीन वर्षांत मूळ पाली सुत्ते वाचू लागला.

पुढचा टप्पा ब्रह्मदेशाचा, ज्याला आता म्यानमार म्हणतात. मंडालेजवळ इरावती नदीच्या काठी सगाईंग नावाचे डोंगर आहेत. त्या डोंगरात शेकडो वर्षांपासून भिक्खूंच्या गुहा आणि कुट्या आहेत. १९०४ च्या सुमारास कोसंबी तिथे राहिले. सोबतीला ज्ञानतिलोक नावाचा जर्मन भिक्खू होता. तो मूळचा वादक, बुद्धाच्या ओढीने युरोप सोडून आलेला. एक गोव्याचा, एक जर्मनीचा, आणि शिकवणारा ब्रह्मी भिक्खू, ज्याला लोक अर्हत मानीत. तिघांच्या मातृभाषा वेगळ्या, पण धम्म एक.

तिथले दिवस कसे असतात ते ऐकून ठेवा, कारण रानात जावेसे वाटणाऱ्यांना ते माहीत असणे बरे. पहाटे अंधारात उठायचे. उजाडल्यावर पात्र घेऊन डोंगर उतरून गावात भिक्षेला जायचे. पात्रात पडेल ते खायचे, निवड करायची नाही. दुपारी बारा वाजले की जेवण बंद ते थेट दुसऱ्या दिवसापर्यंत. बाकीचा वेळ श्वासाकडे लक्ष, शरीराकडे लक्ष, मनात काय येते-जाते त्याकडे लक्ष. बोलणे बेताचे. ऐकायला सोपे वाटते. दहा दिवसांच्या शिबिराला जे बसून आले आहेत त्यांना विचारा, तिसऱ्या दिवशी गुडघे काय म्हणतात आणि मन कुठे कुठे पळते. आणि आणखी एक. भिक्खू डोंगरात राहतो, पण त्याचा भात गावातून येतो. रोज सकाळी खाली कुणीतरी बाई चूल पेटवते म्हणून वर गुहेत ध्यान होते. अगदी एकटे, समाज पूर्ण तोडून असे राहणे बुद्धाच्या विनयातच नाही. भिक्खूने रोज लोकांच्या दारात उभे राहिलेच पाहिजे, अशी ती रचना आहे.

कोसंबींना तिथे शांती मिळाली की नाही? त्यांच्या निवेदन या आत्मचरित्रावरून आमचे मत असे झाले की मिळाली. निवेदन १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात ते फार साधेपणाने लिहितात, स्वतःला सिद्ध पुरुष म्हणवून घेत नाहीत. पुढे १९२५ साली त्यांनी समाधिमार्ग नावाचे छोटे पुस्तक लिहिले, ते ज्याने स्वतः बसून पाहिले आहे अशाच माणसाने लिहावे तसे आहे. म्हणजे गुहा फुकट गेली नाही. परंतु ते तिथे राहिले नाहीत. ही गोष्ट आमच्या दृष्टीने फार मोठी आहे. मंडालेच्या डोंगरात त्यांना आयुष्यभर कुणी ऊठ म्हटले नसते. दोन वेळची ददात नव्हती, मान होता, शांतता होती. पण ज्या कामासाठी घर सोडले ते काम तिथे नव्हतेच. मराठी माणसाला बुद्ध सांगायचा तर मराठी माणसांत यायला पाहिजे.

१९०६ साली ते कलकत्त्याला आले आणि चीवर उतरवून साधे कपडे घातले. काहींना हे अधःपतन वाटेल. भिक्खूने पैशाला हात लावायचा नाही, इकडेतिकडे धावपळ करायची नाही. नोकरी, प्रवास, सभा, छापखाना ही सगळी कामे नियम मोडूनच करावी लागली असती. नियम मोडून वस्त्र अंगावर ठेवण्यापेक्षा वस्त्रच उतरवणे प्रामाणिकपणाचे, असे आम्हाला वाटते. आजकाल दोन्ही हातांनी पैसा घेऊन चीवर मिरवणारे पाहिले की कोसंबींचा तो निर्णय जास्तच पटतो. असो.

कलकत्ता विद्यापीठात सर आशुतोष मुखर्जी यांच्या काळात पाली शिकवण्याचे काम मिळाले. त्याच वर्षी सात वर्षांनी ते गोव्याला घरी गेले. माणिक तेव्हा सात वर्षांची, बापाला प्रथमच ओळखीने पाहणारी. दोघा नवराबायकोंत त्या दिवशी काय बोलणे झाले असेल ते झाले असेल. एवढे खरे, की संसार पुन्हा सुरू झाला. १९०७ साली मुलगा झाला, त्याचे नाव आजोबांचे, दामोदर. हेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजलेले दा. ध. कोसंबी. नंतर मनोरमा आणि कमला या दोन मुली झाल्या.

कलकत्त्यात बरी नोकरी असताना बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याकडून विचारणा आली. महाराष्ट्रात कुठल्याही शहरात राहा, तीन वर्षे दरमहा ५० रुपये देतो, दर वर्षी एक पुस्तक लिहा, अशी योजना. कलकत्त्याच्या मानाने रक्कम लहान, पण कोसंबींनी ती घेतली. कारण तिच्यात महाराष्ट्र हा शब्द होता. बाबासाहेबांना शिकण्यासाठी परदेशी पाठवणारे तेच हे सयाजीराव. बडोद्याला दिलेल्या व्याख्यानांचे पुस्तक बुद्ध, धर्म आणि संघ १९१० साली निघाले. १९१४ साली बुद्धलीला सारसंग्रह आणि १९२६ साली बौद्ध संघाचा परिचय आले. सोप्या मराठीत, मूळ पालीच्या आधाराने. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांच्या हाती बुद्ध मराठीतून आला तो बराचसा या माणसाच्या लेखणीतून.

आता अमेरिकेची हकीकत. ती सांगताना आम्हा गिरणीवाल्यांना विशेष कळ येते. हार्वर्ड विद्यापीठातले प्रोफेसर वुड्स यांच्या बोलावण्यावरून कोसंबी १९१० साली अमेरिकेला गेले. काम होते विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचे. वॉरेन नावाच्या विद्वानाने ते सुरू केले होते, पण १८९९ साली तो वारला आणि काम तसेच पडले. बर्मी, सिंहली हस्तलिखिते ताडून एकेक पाठ ठरवायचा, असे किचकट काम. कोसंबींनी ते केले. पण विभागाचे प्रमुख लॅनमन यांना संपादक म्हणून मोठे नाव स्वतःचे हवे होते, आणि कोसंबींचा उल्लेख मदतनीस म्हणून. कोसंबींनी नाही म्हटले. १९१२ साली काम तिथेच ठेवून ते परत आले. १९१८ ला पुन्हा गेले, चार वर्षे राहिले, तरी हा तंटा मिटला नाही. साचा चालवायचा एकाने आणि तागा मोजून नाव लिहायचे दुसऱ्याचे, हा प्रकार आम्ही खात्यात उभे राहून पाहिलेला आहे. म्हणून परदेशात, एकट्याने, पाठीशी कुठली पदवी नसताना नाही म्हणायला काय लागते याची आम्हाला कल्पना येते. ज्याला गावात मंद म्हटले, ज्याच्याकडे मॅट्रिकचेही प्रमाणपत्र नाही, तो हार्वर्डच्या प्रोफेसरापुढे ताठ उभा राहिला. गुहेत मिळालेली शांती म्हणजे मुकाट्याने सहन करणे नव्हे, हेही यावरून दिसते. शेवटी लॅनमन निवृत्त झाल्यावर वुड्स यांनी त्यांना पुन्हा बोलावले आणि १९२६-२७ मध्ये त्यांनी काम पुरे केले.

अमेरिकेत त्यांनी समाजवादाचेही वाचन केले. तिथल्या कामगारांची स्थिती, त्यांचे लढे याकडे त्यांचे लक्ष होते. १९१८ च्या खेपेला माणिक आणि दामोदर यांना बरोबर नेले, माणिकताई तिथे पदवीधर झाल्या. मागे टाकून गेलेल्या पोरीला बापाने पुढे जगाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन शिकवले, ही गोष्टही आम्ही त्यांच्या खात्यावर जमा धरतो.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात ते पाली शिकवीत. तेव्हा कुटुंब एकत्र होते. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे असे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. नंतर अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात, १९२९ साली रशियात लेनिनग्राडला, पुढे काशीला, असे फिरत राहिले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला गेले, विलेपार्ल्याच्या छावणीत काम केले आणि तुरुंगात गेले. गांधीजींवर त्यांची श्रद्धा होती. आपल्या समाजाचे गांधीजींबद्दलचे मत काय आहे आणि का आहे, ते पुणे कराराच्या इतिहासावरून सर्वांना माहीत आहे. इथे कोसंबींची वाट आणि आपली वाट वेगळी, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण परळची गोष्ट आपली आहे. १९३७ साली कोसंबींनी मुंबईत परळला, गिरण्यांच्या ऐन वस्तीत, बहुजन विहार उभा केला. पैसा जुगलकिशोर बिर्ला यांचा होता. शेटजींचा पैसा म्हणून आजही कुणी नाक मुरडते, मुरडू द्या. जागा कुठली निवडली ते पाहा. पाली जाणणारा, हार्वर्डला जाऊन आलेला माणूस, त्याला मलबार हिलवर कुणीही बंगल्यात ठेवून घेतले असते. तो येऊन राहिला भोंग्याच्या आवाजात, जिथे पहाटे पाळीला जाणाऱ्यांच्या पायांचा आवाज उशाशी येतो. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १९३६ मध्ये, तिथून जवळच नायगावला बाबासाहेबांनी धर्मांतरावरचे आपले प्रसिद्ध भाषण केले होते. येवल्याची घोषणा १९३५ ची. म्हणजे आपला समाज नवे घर शोधायला निघाला होता, आणि त्याच वेळी त्याच वस्तीत हा म्हातारा बुद्धाचे घर उघडून बसला होता. वीस वर्षांनी नागपूरला जे घडले ते पाहायला तो राहिला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, सिद्धार्थाने घर का सोडले. भगवान बुद्ध हे पुस्तक १९४०-४१ मध्ये निघाले. त्यात कोसंबींनी या प्रश्नाचा मूळ सुत्तांच्या आधाराने छडा लावला आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्राला वैराग्य आले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. कोसंबी दाखवतात की महापदान सुत्तात ही कथा आहे ती विपस्सी नावाच्या दुसऱ्याच बुद्धाची. नंतरच्या लोकांनी ती गौतमाला चिकटवली. मध्यरात्री बायको-पोराला झोपेत टाकून, घोड्यावर बसून पळाला, हेही नंतरचे. अरियपरियेसन सुत्तात भगवंत स्वतः सांगतात त्याचा भावार्थ असा, की आईवडील नको म्हणत होते, रडत होते, त्यांच्या देखत त्यांनी घर सोडले. चोरून नाही. शुद्धोदन हा मोठा सम्राट नव्हता, शाक्यांत शेती करणारा एक प्रतिष्ठित माणूस होता. आणि कारण कोणते? सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तावरून ते दाखवतात, की माणसे एकमेकांविरुद्ध शस्त्रे उपसून उभी राहिलेली पाहून सिद्धार्थाच्या मनाला धक्का बसला. शाक्य आणि कोलिय, दोघे शेजारी, दोघे नातेवाईक, आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून त्यांच्यात भांडणे. या भांडणाचे मूळ कुठे आहे ते शोधायला तो गेला.

म्हणजे सिद्धार्थ स्वतःच्या सुखासाठी रानात गेला नव्हता. पाण्याच्या भांडणाचे उत्तर शोधायला गेला होता. चाळीत, झोपडपट्टीत, गावच्या पाणवठ्यावर ज्यांनी पाण्याची भांडणे पाहिली आहेत, महाडचे चवदार तळे ज्यांच्या इतिहासात आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. कोसंबींच्या पुस्तकानंतर १९५७ साली बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ आला. त्यातही ही रोहिणी नदी आहे. बाबासाहेब तिथे आणखी पुढे जातात. शाक्य संघाने युद्धाचा ठराव बहुमताने केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला, आणि घरच्यांना शिक्षा होऊ नये म्हणून परिव्रज्या स्वीकारली, अशी मांडणी त्यांनी केली. यशोधरेची संमती घेऊन, तिचा निरोप घेऊन सिद्धार्थ निघतो, हेही बाबासाहेबांच्या ग्रंथातले प्रकरण महिलांनी अवश्य वाचावे. सहा वर्षांनी उत्तर सापडल्यावर बुद्ध रानात बसून राहिले नाहीत. सारनाथपासून कुशिनारापर्यंत पंचेचाळीस वर्षे माणसांत फिरले.

हे लिहिताना कोसंबींना स्वतःचे घर सोडणे आठवले असेल का? आम्हाला वाटते आठवले असावे. ज्याने स्वतः तरुणपणी पोर टाकून घर सोडले, त्यानेच म्हातारपणी दाखवून दिले की बुद्ध चोरून पळाला नव्हता.

भगवान बुद्ध मुळे वादही झाला. जुन्या काळी जैन श्रमणही मांस खात असत असे त्यांनी लिहिले, त्यावरून जैन मंडळी फार चिडली. कोसंबींनी लिहिलेले मागे घेतले नाही. गंमत अशी, की त्यांना पार्श्वनाथांच्या शिकवणीविषयी मोठा आदर होता आणि पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म हे त्यांचे पुस्तक त्यांच्या मागे १९४९ साली निघाले. त्यांचा शेवटही त्याच विचाराने झाला. सत्तरी आली, मधुमेह आणि अंगाची आग यांनी शरीर थकले, आता आपल्याकडून काम होणार नाही आणि दुसऱ्यांवर भार नको, म्हणून अन्न सोडून देह ठेवायचा असे त्यांनी ठरवले. एकदा सुरू केलेला उपवास गांधीजींच्या सांगण्यावरून सोडला. पुढे सेवाग्रामला पुन्हा तोच मार्ग धरला आणि ४ जून १९४७ रोजी तिथे त्यांचे निधन झाले.

या शेवटाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. त्यांच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत, पण हा मार्ग बुद्धाचा नाही. उरुवेलेला अन्न सोडून हाडांचा सापळा झाल्यावर सिद्धार्थाने सुजाताची खीर घेतली, तिथून मध्यम मार्ग सुरू होतो. आणि म्हातारा माणूस घराला भार असतो ही समजूत तर आपल्या वस्तीत अजिबात रुजू नये. ज्यांचे आईवडील खोलीच्या कोपऱ्यात खाटेवर आहेत, त्यांनी कोसंबींचा हा भाग अनुकरणासाठी घेऊ नये, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

विसुद्धिमग्गाची ती प्रत हार्वर्डने १९५० साली छापली. ज्या नावासाठी चाळीस वर्षांपूर्वी तंटा झाला, ते धर्मानंद कोसंबींचे नाव तिच्या मुखपृष्ठावर वॉरेनच्या नावाखाली आहे. लॅनमनचे नाही.

विहाराच्या लोखंडी कपाटात भगवान बुद्ध च्या दोन प्रती आणि निवेदन ची एक प्रत आहे. रविवारी सकाळी वंदनेनंतर वहीत नाव लिहून पंधरा दिवसांसाठी घरी नेता येते. निवेदन ची शिवण सुटली आहे, तेव्हा पाने जपून उलटावीत.